अमेरिकेतलं यादवी युद्ध खरंच गुलामगिरीवरून झालं, की राज्यांच्या हक्कांवरून?

गुलामगिरीवरूनच. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना हे दक्षिणेतलं राज्य अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा त्यांनी कारणं लेखीच दिली होती. पळून गेलेले गुलाम उत्तरेकडची राज्यं परत करत नाहीत, ही त्यांतली मोठी तक्रार. म्हणजे हक्क दुसऱ्या राज्याने वापरला की यांना खुपायचा! नुकतेच राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले लिंकन तर तेव्हा नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, एवढंच म्हणत होते. पण दक्षिणेच्या शेतीचा डोलारा सुमारे ४० लाख गुलामांवर उभा होता.

१८६१ ते १८६५ युद्ध चाललं, सहा लाखांवर सैनिक मेले, दक्षिण हरली. गुलामांना मुक्त करणारा लिंकन यांचा १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोर भागांपुरता होता. गुलामगिरीवर देशभर बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मात्र मिळाली नाही, त्यामुळे बरेचजण गोऱ्या जमीनदारांच्या शेतात बटईने राबत राहिले.