एकच साल, ठसे अनेक

आजीच्या डब्यात चार राणीछाप रुपये निघाले. चारही १८६२ चे. दोघांवर सालाखाली बारीक ठिपके आहेत. ते कसले? (सातारा)

राणीछापवरचं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावरचं, १८६२ हे साल गोठलेलं आहे. १८७४ पर्यंत बहुतेक सगळ्या रुपयांवर तेच छापत राहिले, म्हणून हे रुपये आजही ढिगाने मिळतात. मुंबईच्या टांकसाळीने मात्र खरं वर्ष कळावं म्हणून ठशात, म्हणजे नाणं पाडायच्या साच्यात, सालाखाली ठिपके घालायला सुरुवात केली. ते भिंगाखालीच मोजा, मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. ठिपका नाही म्हणून लगेच तो कोलकात्याच्या टांकसाळीचा ठरवू नका. तिथे राणीचा चेहरा आणि झग्यावरची नक्षी ताडून बघावी लागते. आणि एक विनंती: लक्ष्मीपूजनाला रुपये चिंच-रांगोळीने घासणं आता थांबवा. ठिपके आधी त्यातच जातात.

राणीच्या गालावरून एक आडवी रेघ गेली आहे. दुकानदार म्हणतो, ठसा तडकलेला, म्हणून भाव जास्त. खरं का? (नागपूर)

भाव देण्याआधी नख फिरवा. ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच उठतं. तडकलेल्या ठशाची रेघ म्हणूनच उठावाची लागते आणि बहुधा काठापासून निघते. तुमची रेघ खोल असेल तर तो ओरखडा, आणि ओरखड्याने भाव उतरतो. सालाखालच्या ठिपक्यालाही हाच नियम: खळगा म्हणजे ठोका.

१८४० च्या दोन रुपयांवर अक्षरं वेगळी मांडली आहेत. एक बनावट आहे का? (पुणे)

दोन्ही अस्सल असू शकतात. एका प्रकारात ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरं डोक्यावरून सलग जातात, हा आधीचा. दुसऱ्यात मस्तक मध्ये येऊन ती दुभंगतात. हेही साल गोठलेलंच, १८६२ चे रुपये येईपर्यंत चाललं. मानेच्या कापावर ठसा कोरणाऱ्या विल्यम वायनची ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ ही आद्याक्षरं कशी आहेत, उठावाची की खोल, ते बघा. मग मागच्या बाजूच्या वेलीतली फळं मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण पोटप्रकार ठरतो तो तिथेच. झिजलेल्या नाण्यावर मोजत बसू नका, डोळे दुखतील आणि आकडा चुकेल.

१९११ चा ‘डुकराचा रुपया’ लाखात जातो म्हणतात. माझ्याकडे एक आहे! (बेळगाव)

पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. १९११ च्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना डुक्कर दिसलं आणि गवगवा झाला. सुमारे ९४ लाख पाडलेल्या रुपयांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेले, उरलेले वितळवले. १९१२ पासून हत्ती सुधारला. म्हणून साल नंतर, हत्ती आधी बघा. हत्ती ठीकठाक सोंडेचा आणि साल १९११ असेल, तर शेवटचा आकडा कुणीतरी कोरून बदलला आहे. अस्सल निघाला तर चांगले पैसे येतील. लाखाचं स्वप्न मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंनी पेरलेलं आहे.

अंकुशी रुपयावर अर्धीच अक्षरं आहेत. कडा कापली असेल का? (नाशिक)

अंकुशी म्हणजे अंकुशाची खूण असलेला पेशवाईतला रुपया. वजन करा. ते जागेवर असेल तर काही कापलेलं नाही. हातोड्याने पाडलेल्या रुपयांचा ठसा चांदीच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर त्याचा वेगवेगळा भाग उतरतो. मुघल बादशहा शाह आलमचं नाव, ‘मुहियाबाद’ हे पुण्याचं टांकसाळनाव आणि अंकुश एकाच रुपयावर पूर्ण मिळणं हे नशीबच. पाच-सहा नाण्यांचे फोटो शेजारी लावा आणि अंकुशाभोवती कोणतं अक्षर कुठे येतं ते जुळवा, अख्खा ठसा कागदावर उभा राहतो. पेशवाई गेल्यावर कंपनीच्या अमलातही अंकुशी पडत राहिले. आकड्यांत फसली सन (महसुलाची जुनी कालगणना) दिसला तर इसवी सनासाठी ५९० मिळवा: १२३५ म्हणजे १८२५. अर्थात आकडा कडेबाहेर गेला नसेल तर.