पोराच्या गेममधली पेटी हा जुगारच ना?

प्रश्न : मुलगा फुटबॉलचा गेम खेळतो, त्यात पैसे देऊन बंद पॅक घ्यायचे, आत कुठला प्लेअर निघेल ते आधी कळत नाही. मला तर हा मटकाच वाटतो. चुकतेय का मी?
– एक आई, सांगली

उत्तर : नाही हो ताई, बेल्जियमच्या गेमिंग कमिशनला (जुगारावर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) पण 2018 मधे असंच वाटलं, फिफा 18 या फुटबॉलच्या गेमसकट तीन गेममधल्या अशा पेट्या, म्हणजे बंद पॅक, त्यांनी बेकायदा जुगार ठरवल्या, मग 2019 च्या जानेवारीत फिफा बनवणाऱ्या ईए कंपनीने तिथे फिफा पॉइंट्स (ज्यांनी पॅक घेता येतात ते गेममधले पैसे) विकणं बंद केलं. फक्त तिथेच हां! बाकी जगात विक्री चालूच राहिली, कारण गेम एकदाच विकला जातो पण पॅक रोज विकता येतात, त्यात नवा सीझन आला की जुनी टीम मागे पडते आणि पोरगं परत मागायला येतं.

आपलं सरकार तरी कुठे वेगळं, पैशांच्या ऑनलाइन गेमवर 2023 मधे 28 टक्के जीएसटी लावून कमाई केली, 2025 मधे कायदा करून तेच गेम बंद, आणि महाराष्ट्राची सरकारी लॉटरी मात्र 1969 पासून आहेच. तुम्ही आधी फोनमधलं सेव्ह केलेलं कार्ड काढा.