भाच्याने दोन मिनिटांत पासवर्ड काढले, आता काय करू?

प्रश्न : दादा, तारकर्लीला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पडवीत टेबलावर लॅपटॉप असतो, बुकिंग, मेल, जीएसटी, बँक सगळं त्याच्यावरच, आणि लक्षात राहत नाही म्हणून क्रोमने विचारलं की मी पासवर्ड सेव्ह करून टाकते. गणपतीला मुंबईहून भाचा आलेला, त्याने दोन मिनिटांत सगळे पासवर्ड स्क्रीनवर काढून दाखवले नि म्हणाला, मामी, ह्या काय करून ठेवलंस गो! तेव्हापासून झोप उडालीय. सगळे डिलीट करून वहीत लिहू का?
– एक वाचक, तारकर्ली

उत्तर : ताई, भाच्याने हॅकबिक काही केलेलं नाही. क्रोमच्या मेनूत पासवर्डची यादी असतेच, डोळ्याच्या खुणेवर क्लिक केलं की तो विंडोजचा पासवर्ड नाहीतर पिन मागतो, आणि तुमच्या लॅपटॉपला तो लावलेलाच नसणार, मग मागणार काय! क्रोम पासवर्ड एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून ठेवतो हे खरं, पण विंडोजवर ते कुलूप तुमच्या युजरशी, म्हणजे विंडोजमधल्या तुमच्या खात्याशी बांधलेलं असतं, त्यामुळे त्या युजरमध्ये जो बसला तो क्रोमच्या लेखी तुम्हीच. पाहुणा रेल्वेचं तिकीट प्रिंट करायला बसला तरी तुम्हीच.

तेव्हा आजच विंडोजला पासवर्ड लावा, पाहुण्यांसाठी वेगळा युजर करा, आणि चहा ठेवायला उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबायची, स्क्रीन लॉक होते.

खरी भीती मला पाहुण्यांची नाही, फुकटात उतरवलेल्या क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरची वाटते. त्यातून येणारे चोर प्रोग्राम तुमच्याच युजरमध्ये चालतात आणि ब्राउझरमधले पासवर्ड उचलून पाठवून देतात, वर कुकीजही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या छोट्या फाइली) नेतात, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन आहात असं भासवून ओटीपीशिवाय आत शिरता येतं. रेडलाइन हा त्यातलाच एक, ऑक्टोबर 2024 मध्ये डच पोलीस आणि एफबीआयने मिळून त्याचे सर्व्हर बंद पाडले, पण तसले अजून बरेच आहेत.

वहीचं म्हणाल तर सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वही बरी (पावसाळ्यात बुरशी येते तो भाग वेगळा). पण बुकिंग साइटच्या नावाने खोटा मेल येतो ना, पेमेंट अडकलंय लगेच लॉगिन करा म्हणून, तिथे वही काही बोलत नाही. ब्राउझर साइटचा पत्ता बघतो, एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी आपणहून पासवर्ड भरत नाही, आणि तो भरत नसेल तर तिथेच थांबायचं. म्हणून सरसकट डिलीट नको. बँकेचा आणि मेलचा तेवढा काढा. मेलचा का, तर बाकी सगळ्या साइटचे पासवर्ड बदलायच्या लिंक त्याच मेलवर येतात. त्याला टू-स्टेपही लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाईल.

क्रॅक काही टाकलं असेल तर लॅपटॉप आधी फॉरमॅट करून घ्या, पासवर्ड मग बदला, नाहीतर नवेही तिकडेच जातील. खात्यातून पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि हो, मालवणात कुठे सायबर कॅफेत क्रोमला साइन इन करून तसंच उठला होतात का कधी? सिंक, म्हणजे खात्यातले पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरही आणणारी सोय, चालू राहिलं तर तुमचे पासवर्ड तिथेही उघडतात. गुगल खात्यात सिक्युरिटीमध्ये डिव्हाइसची यादी असते, अनोळखी दिसेल ते साइन आउट करा. भाच्याचा फोन त्यात दिसला तर मात्र त्यालाच विचारा.