यंत्र कुलपात नको

प्रश्न : डॉक्टरसाहेब, यावल तालुक्यातल्या आमच्या गावात वर्गणी काढून हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र घ्यायचं ठरलंय. सरपंच म्हणतात, महागाची वस्तू आहे, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू. आमची केळीचे ट्रक भरणारी पोरं ते चालवू शकतील का? चुकून शुद्धीतल्या माणसाला शॉक बसला तर?
– एक केळी उत्पादक

उत्तर : दादा, रविवारी संध्याकाळी त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, एवढंच सरपंचांना विचारा. हृदय अचानक बंद पडल्यावर काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ला फोन लगेच करायचाच, पण गाडी पोचेपर्यंत माणूस तुमच्याच हातात असतो. म्हणून यंत्र चौकात, रात्रभर दिवा असणाऱ्या भिंतीवर, बिनकुलपाच्या पेटीत लावा. भिंत सावलीची निवडा. बहुतेक यंत्रं ५० अंशांपर्यंतच टिकतील अशी बनवलेली असतात, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याच्या शेडखाली तर नकोच.

पोरं नक्की चालवतील. यंत्र बोलून एकेक पायरी सांगतं. फक्त ते हिंदीत किंवा मराठीत बोलतं का, हे घेण्याआधी ऐकून पाहा. शॉकचं भय सोडा. हृदयाचे ठोके यंत्र स्वतः तपासतं आणि शॉकने सुधारेल असा बिघाड दिसला तरच शॉक देतं. पण यंत्राचे छातीवर चिकटवायचे पॅड लावायचे ते बेशुद्ध, नीट श्वास न घेणाऱ्या माणसालाच. हमालाची छाती घामाने निथळत असेल तर आधी पुसा, नाहीतर पॅड चिकटत नाहीत. शॉकच्या वेळी कुणीही त्याला हात लावू नये.

एकाने यंत्र आणायला पळावं, दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यावी : मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. माणूस मधूनच आचके देतो, घरघरतो. लोक म्हणतात, श्वास चालू आहे, आणि थांबतात. तो श्वास नव्हे, दाबत राहा. नाकाशी कांदा धरू नका, कांद्याची जागा भरिताशेजारी.

गावात रोज नळाला पाणी सोडणाऱ्याला यंत्र ठीक असल्याचा हिरवा दिवा लागलाय का, हे बघायचं काम द्या. पॅडना मुदत असते, बॅटरीही कधीतरी बदलावी लागते. वर्गणीतले थोडे पैसे त्यासाठी राखा, सगळे उद्घाटनाच्या मंडपावर उडवू नका.