४५ एचपीच्या ट्रॅक्टरला ट्रॉली कोणती घ्यावी आणि ती जोडावी कशी?

तुम्ही विचारलंय की ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला ऊस आणि शेणखत वाहायला दोन चाकी ट्रॉली घ्यावी की चार चाकी, हूक कुठे लावावा आणि साखळी खरंच लागते का.

फॅब्रिकेटरकडे गेलात की तो पहिलं विचारेल, "किती एचपी?" हा प्रश्न अपुरा आहे. एचपीवरून ओढण्याची ताकद कळते. ४५ एचपीचा ट्रॅक्टर लो गिअरमध्ये दहा टनही हलवतो. तेच दहा टन उतारावर थांबवायचे म्हटले की एचपी उपयोगाची नाही, तिथे मागच्या दोन टायरांवर किती वजन आहे ते चालतं.

हिशेब करून बघा. ट्रॅक्टर २१०० किलो, रिकामी ट्रॉली १३००, माल ५ टन. सगळं मिळून ८४०० किलो. बारा फुटांना एक फूट असा उतार असेल तर हे वजन सुमारे ७०० किलोच्या जोराने खाली ढकलतं. ब्रेक फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना. ट्रॉलीचा हुकावरचा भार धरून त्या चाकांवर साधारण २ टन आले, तर कोरड्या डांबरावर सव्वा टनापर्यंत पकड मिळते. काम भागतं. पण तोच रस्ता चिखलाने ओला असेल तर पकड निम्म्यावर, म्हणजे ६०० किलोच्या आसपास येते. खाली ढकलणारे ७०० आणि धरणारे ६००. चाकं लॉक होऊनही गाडी घसरत जाते, यात ड्रायव्हरचा काही दोष नसतो.

म्हणून माझं मत: ५ टनांपर्यंतची, एकाच एक्सलची दोन चाकी हायड्रोलिक (उचलून माल ओतणारी) ट्रॉली घ्या आणि एक्सलला ब्रेक ड्रम बसवून मागा. खर्च वाढतो म्हणून बरेच जण इथेच हात आखडतात. फाळका जाड पत्र्याचा आणि रंग तीन कोटांचा केला, पण ब्रेक नाही, हा सौदा मला कधीच पटलेला नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर चालणारा ब्रेक चांगला. ट्रॉलीने मागून रेटलं की आपोआप लागणारा ब्रेकही चालतो, फक्त रिव्हर्स घेताना त्याचा लॉक लावावा लागतो, नाहीतर ट्रॉली मागे सरकतच नाही.

चार चाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते, त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड उचलत नाही. पण मागच्या टायरांना जादा पकडही मिळत नाही, आणि रिव्हर्स घेताना ती दोन ठिकाणी दुमडते. कारखान्याच्या वाहतुकीला ती ठीक. तुमच्या कामाला, शेतातल्या वळणाला नको. डबल ट्रॉलीचा, म्हणजे एकामागे एक दोन ट्रॉल्यांचा विचार ४५ एचपीवर करूच नका.

आता हूक. मागे जोडायच्या चार जागा दिसतात: ट्रॅक्टरबरोबर येणारा ट्रॉली हूक, खालचा ड्रॉबार, दोन लोअर लिंकमधली (अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांमधली) भोकांची पट्टी आणि वरचा टॉप लिंकचा (अवजाराच्या वरच्या दांड्याचा) ब्रॅकेट. रस्त्यावर ट्रॉली हुकाला किंवा ड्रॉबारलाच. भोकांच्या पट्टीला लावली आणि चुकून हायड्रोलिकचा लिव्हर हलला तर ट्रॉलीचा दांडा वर जातो. टॉप लिंकच्या ब्रॅकेटला तर कधीच नाही. कारण आकड्यात सांगतो. २१०० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर साधारण ८०० किलो असतात. दोन चाकी ट्रॉलीचा हुकावर ५०० किलो भार आला की त्यातले दीडशे कमी होतात, उरले ६५०. मऊ रानातून बांध चढताना ओढ एक टनापर्यंत जाते. हूक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही एक्सलमधलं अंतर २ मीटर असेल, तर या ओढीने पुढचे आणखी २२५ किलो हलके होतात, म्हणजे ४२५ उरतात. स्टेअरिंग ताब्यात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, इथे ४२०, पुढे हवेत. जेमतेम बसलं. हीच ट्रॉली ९० सेंटिमीटरवर टॉप लिंकच्या ब्रॅकेटला अडकवली तर ४५० जातात आणि पुढे २०० किलो उरतात. त्यात क्लच झटक्याने सोडला की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि ड्रायव्हरला उडी मारायला वेळ मिळत नाही. पुढे वजनाच्या प्लेटा लावल्याने थोडी उसंत मिळते, पण चुकीच्या जागेचा तो उपाय नव्हे.

हुकावर उभा भार किती चालतो ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतं. लिफ्टची क्षमता हा वेगळा आकडा आहे, त्याच्याशी गल्लत करू नका.

हुकाची उंची अशी निवडा की भरलेल्या ट्रॉलीचा दांडा जमिनीला समांतर राहील. ऊस भरताना माल एक्सलच्या थोडा पुढे झुकता हवा. मागे जास्त भरला की दांडा हूक वर उचलतो, मागची चाकं हलकी होतात, आणि वरचा पकडीचा सगळा हिशेब बिघडतो. वाढे (उसाचे शेंडे) मागे लोंबतात म्हणून मोळ्या मागे सारत गेलात तर हे हमखास होतं.

पिन तयार, घडवलेली घ्या. वर दांडी आणि खाली लिंच पिनचं (कडीवाल्या खिट्टीचं) भोक असलेली. सळईचा तुकडा, त्याला वेल्डिंगने डोकं आणि खाली वाकवलेला खिळा, ही बहुतेक ट्रॉल्यांची पिन. वेल्डिंगच्या कडेला लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, तिथूनच ती तुटते. पिन आणि रिंगमध्ये जितका खेळ जास्त तितका प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक उचलीला हातोडा बसतो. नवी पिन ३० मिलिमीटरची असेल आणि मधोमध २७ वर आली, की ती भंगारात. दांड्याच्या रिंगचं वेल्डिंग हंगाम सुरू होण्याआधी तपासा: ब्रशने गंज काढा, रॉकेल किंवा डिझेल लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आतलं तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. रेघ दिसली तर वरून वेल्डिंग मारू नका. जुनं तासून काढून मुळापासून भरून घ्या.

साखळी लागतेच. पिन तुटली तर भरलेली ट्रॉली समोरच्या वाहनात जाण्यापासून रोखणारं दुसरं काही नसतं. साखळी पूर्ण भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाला पुरेशी हवी. ग्रेड ८० ची (हा साखळीच्या मजबुतीचा दर्जा) १० मिलिमीटर साखळी ३.१५ टनांच्या कामाला असते आणि १३ मिलिमीटरची ५.३ टनांच्या. तुमच्या ट्रॉलीचं भरलेलं वजन ६.३ टन, म्हणजे १३ च्या दोन. दांड्याखालून फुलीसारख्या घ्या, म्हणजे पिन निघाली तरी दांडा त्यांच्यावर अडकतो, रस्त्यात रुतत नाही. ट्रॅक्टरच्या बाजूला साखळी चासीला किंवा ड्रॉबारच्या पाठीमागच्या आधाराला डी शॅकलने. त्याच पिनमध्ये अडकवली तर पिनबरोबर तीही गेली. पूर्ण वळणाला पुरेल इतकीच ढिली ठेवा.

ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं जोडणारी पट्टी रस्त्यावर लावलेलीच हवी. नांगरटीनंतर ती तशीच सुटी राहते. ट्रॉली मागे असताना एकाच चाकाचा ब्रेक लागला की दांडा तिरका होतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरला आडवी पाडते. उताराला लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे भरपूर आहेत, त्यांचं बघून तसं करू नका. वेग ३० ऐवजी १५ ठेवला तर ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर एक चतुर्थांश होतं.

हबचं बेअरिंग: चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर नट चाक जड होईपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा सोडा आणि कॉटर पिन नवी घाला. पहिल्या आठ-दहा किलोमीटरनंतर हबजवळ हात न्या. चटका बसला तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ग्रीस नाही. नव्या ट्रॉलीच्या चाकाचे नट ५० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

लाइट बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अर्थिंग. ती हुकाच्या पिनमधूनच घेतलेली असते आणि पिन गंजली, हलली की दिवा लुकलुकतो. सात पिनच्या सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर ओढा. उसाच्या वाढ्यांखाली टेल लाइट झाकला जातो, म्हणून लाइट आणि लाल रिफ्लेक्टर एका सुट्या पाटीवर बसवून पाटी मालाच्या शेवटी टांगा. रेडियम मागे लाल, बाजूला पिवळं, पुढे पांढरं. रात्रीच्या वाहतुकीत मागून धडकणाऱ्याला ट्रॉली दिसलेलीच नसते.

ट्रॉलीचं पासिंग वेगळं असतं, तिला स्वतःचा नंबर लागतो, आणि विम्यात तो नंबर घालून घ्यावा लागतो. नुसत्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर राहू नका.

जोडताना ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, दांडा जॅकवर हुकाच्या उंचीला आणा. मदतनीस बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असा. ट्रॅक्टर थांबून हँडब्रेक लागल्याशिवाय कोणी मध्ये शिरायचं नाही.