शाकाहारी घरात दूध सोडायचं कशासाठी, आणि सोडलं तर चहा-दह्याचं काय?

तुमचा प्रश्न : ‘आम्ही ठाण्याचे, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. दुधासाठी कुणी जनावर मारत नाही, मग व्हीगन लोक (प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारे) दूध का सोडतात? आणि सोडलंच तर चहा-दही कसं करायचं?’

दुधासाठी मारत नाहीत हे अर्धंच खरं. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि होणाऱ्या रेडकांपैकी निम्मी नर असतात. नर दूध देणार नाही, नांगराला आता ट्रॅक्टर आहे, मग त्याला चारा कोण घालणार? तो उपाशी ठेवला जातो किंवा कत्तलीसाठी विकला जातो. भाकड म्हशीचीही बहुतेक वेळा तीच वाट. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, पण म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. म्हणजे देशातून परदेशी जाणारं म्हशीचं मांस आणि आपल्या घरचं दूध हे एकाच धंद्याचे दोन भाग आहेत. रेडकू जवळ नसलं की म्हैस पान्हा चोरते, म्हणून तिला इंजेक्शन टोचण्याचा प्रकार आजही ऐकू येतो.

गोठेवाला दुष्ट असतो असं मुळीच नाही. न कमावणारं जनावर मरेपर्यंत पोसायचा खर्च आपण देतो त्या दुधाच्या भावात धरलेलाच नसतो, दोष तिथे आहे. तुमच्या शाकाहाराचं कारण ‘जिवाला त्रास नको’ हे असेल, तर माझ्या मते ते दुधालाही लागू होतं. चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाशी मासळीवरून वाद घालण्याआधी आपण आपला फ्रिज तपासावा, असं मला मनापासून वाटतं.

आता चहा. सोया दूध चहात फाटतं, कारण चहाचा आंबटपणा आणि कडक उकळी दोन्ही एकदम भेटतात. पत्ती, आलं, साखर पाण्यात पूर्ण उकळून गॅस बंद करा, मिनिटभराने गाळा आणि वेगळं गरम केलेलं दूध शेवटी ओता. पुन्हा उकळायचं नाही. घरी दूध करायचं तर १ वाटी सोयाबीन ८ तास भिजवून सालं काढा, ५ मिनिटं उकळत्या पाण्यात टाका आणि गरम पाण्यातच वाटा. थंड पाण्यात कच्चं वाटलं की जो उग्र वास येतो तो नंतर काही केल्या जात नाही. गाळल्यावर दूध १५-२० मिनिटं उकळा, अर्धकच्चं पचायला जड जातं.

दह्याला शेंगदाणे उत्तम आणि स्वस्त. १ वाटी दाणे ६-८ तास भिजवून, सालं काढून, ३ वाट्या पाण्यात वाटा, गाळा, मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा. हे दूध तळाला फार लवकर लागतं. बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की ४-५ हिरव्या मिरच्यांचे देठ त्यात बुडवून ८-१० तास झाकून ठेवा. गरम असताना देठ घातले तर विरजण लागतच नाही. पहिली खेप पातळ आणि जराशी कडवट होते. ती खायची नाही, तिचा १ चमचा पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरायचा. मे महिन्यातल्या ठाण्याच्या उकाड्यात ५-६ तास पुरतात, जास्त ठेवलं की आंबून पाणी सुटतं. कढी, ताक, कोशिंबीर यांना ते छान लागतं. श्रीखंडाचा हट्ट मात्र शेंगदाण्याकडून धरू नका, त्याला काजूचं दही बरं.

सोलकढी, पिठलं-भाकरी, वालाचं बिरडं, भरली वांगी हे तुमच्याकडे आधीच दुधाविना होतं. बाहेरच्या खाण्यात हिरवा ठिपका म्हणजे दूध नाही असं नव्हे. घटकांत दूध पावडर, व्हे, केसिन हे शब्द शोधा, शेवटचे दोन्ही दुधातूनच काढलेले असतात.

कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम) आणि तीळ रोज ठेवा. बी१२ जीवनसत्त्व मात्र कुठल्याही डाळी-भाजीतून भरवशाचं मिळत नाही. सायनोकोबालामिनची (हा बी१२ चाच एक प्रकार) ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज, किंवा २००० ची आठवड्यातून एकदा घ्यावी लागते. लहान मुलं, गरोदर बायका आणि आधीच बी१२ कमी असलेले यांनी रक्त तपासून मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, आणि ही गोळी दुधाची पिशवी बंद करण्याआधी घरात आलेली असावी.