वय वाढलं की फेसबुक, व्हॉट्सॲपचा कंटाळा का येतो?

विशीत अनोळखी लोकांचे लाइक हवे असतात. चाळिशीत कापसाचा भाव, पाऊसपाणी आणि सोयरे एवढं कळलं की पुरतं. म्हणून फेसबुक ओस पडतं, व्हॉट्सॲप फुगतं. थकवा तिथलाच: गाव, भावकी, कृषी केंद्र, दहावीची बॅच, आणि पहाटेपासून ‘शुभ सकाळ’ची फुलं. ग्रुप 2022 पासून गुपचूप सोडता येतो, पण सोडून गेलेल्यांची यादी 60 दिवस दिसते. भावकी रुसायला तेवढं पुरे. त्यापेक्षा ग्रुपवर बोट दाबून धरा, म्यूटमध्ये ‘नेहमी’ निवडा, मग आर्काइव्ह करा, म्हणजे तो मुख्य यादीतून बाजूला जातो. कुणी नाव घेऊन टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच फोन वाजेल. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये ऑटो-डाउनलोडच्या (आपोआप उतरण्याच्या) फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढा, नाहीतर 32 जीबीचा फोन फुलांनीच भरतो.